पडदा तेवढा जपानचा

पाश्चात्य साहित्य-संगीताने जपानवर मोठे उपकार केले आहेत, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. १८५३ साली कमोडोर पेरीची काळी जहाजे एडोच्या उपसागरात शिरली, पुढल्या वर्षी तह झाला, दोनशेहून अधिक वर्षे मिटून बसलेल्या देशाची कवाडे उघडली. मग युरोपातील कलावंत त्याच्या सौंदर्याने मोहून गेले आणि त्यांनी जपानचे नाव जगाच्या रंगभूमीवर नेले, अशी ही कथा सांगितली जाते. चित्रकारांपुरती ती बव्हंशी खरी आहे. होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या ठशांच्या चित्रांपासून फ्रेंच चित्रकार खरोखरीच काही शिकले, आणि शिकू इच्छिणारा माणूस समोरच्याकडे नीट पाहतो. कादंबरी आणि संगीतनाट्य यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना जपानकडून शिकावयाचे काही नव्हते. त्यांना जपान केवळ वापरावयाचा होता. आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांजवळ राजवाड्याचा एक, अरण्याचा एक आणि नदीकाठचा एक असे गुंडाळी पडदे असत. प्रवेश कोणताही असो, मागे तोच पडदा सोडावयाचा. पाश्चात्य कथाकारांनी आणि नाट्यसंगीतकारांनी जपानचा असा एक पडदा रंगवून घेतला आणि त्यापुढे आपलेच नाटक केले, हा माझा आक्षेप आहे.

या व्यवहाराचा आरंभ एका अधिकाऱ्याने केला, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पिएर लोती हा फ्रेंच नौदलातील अधिकारी. १८८५ च्या उन्हाळ्यात त्याचे जहाज नागासाकी बंदरात काही आठवडे थांबले. तेथे त्याने दलालामार्फत, दरमहाची रक्कम ठरवून, एका तरुणीशी तात्पुरता 'विवाह' केला आणि त्या अनुभवावर १८८७ साली 'मादाम क्रिसांतेम' हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीत सांगावयाचे तर 'शेवंताबाई'. पुस्तक अफाट खपले. त्यातील निवेदकाला सारा देश चिमुकला, हास्यास्पद, बाहुल्यांचा आणि चिनीमातीच्या भांड्यांचा दिसतो. अखेरीस तो निरोप घेण्यास जातो, तेव्हा शेवंताबाई त्याने दिलेली नाणी खरी आहेत की खोटी, हे ठोकून पाहत असते. बाईला हृदय नाही असा निष्कर्ष काढून गृहस्थ निश्चिंत मनाने जहाजावर चढतात. ज्या व्यवहारात रक्कम याने ठरविली, मुदत याने ठरविली, त्यात नाणी तिने पारखून घेतली तर हृदयशून्य कोण, हा प्रश्न लोतीला पडत नाही. त्याच्या लक्षावधी वाचकांनाही तो पडला नाही.

तो नागासाकी तरी कसा होता? १८७१ सालीच समुद्रतळाच्या तारेने तो शांघायशी जोडला गेला होता. १८८४ साली मित्सुबिशीने तेथील जहाजबांधणीचा कारखाना चालवावयास घेतला होता. देशात १८७२ मध्ये पहिली आगगाडी धावली होती आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. लोतीच्या बाहुलीघरात यांपैकी कशालाही मानाचे स्थान नाही. परदेशी बंदरात थांबलेल्या माणसाला सारे दिसलेच पाहिजे असे नाही, हे मान्य. परंतु काही आठवड्यांच्या मुक्कामावरून एका राष्ट्राचा स्वभाव लिहिण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

या बीजाचा पुढे वृक्ष कसा झाला, हे पाहण्याजोगे आहे. १८९८ साली अमेरिकेत जॉन लूथर लाँग या लेखकाने 'मादाम बटरफ्लाय' ही कथा लिहिली. लाँग जपानला कधीच गेला नव्हता. मिशनऱ्याची पत्नी म्हणून नागासाकीस राहिलेल्या आपल्या बहिणीकडून त्याने हकिकती ऐकल्या होत्या. १९०० साली डेव्हिड बेलास्कोने तिचे नाटक केले. ते लंडनमध्ये पुचीनीने पाहिले. त्याला इंग्रजी फारसे समजत नव्हते. त्यातून १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात ते सुप्रसिद्ध संगीतनाट्य अवतरले. पहिला प्रयोग सपशेल पडला. सुधारून मे महिन्यात ब्रेशिया येथे पुन्हा केला तेव्हा त्याने जे यश मिळविले ते आजतागायत ओसरलेले नाही.

या प्रवासात नायिकेचे काय झाले? लोतीची नायिका नाणी पारखून घेते आणि जिवंत राहते. लाँगची नायिका आत्महत्येचा प्रयत्न करते, पण मुलासाठी मागे फिरते. पिंकर्टनची अमेरिकन पत्नी येते तेव्हा घर रिकामे असते. बेलास्कोने तिला मारले, आणि पुचीनीने त्या मरणाला असे संगीत दिले की ते मरण जगाला हवेहवेसे झाले. व्यवहारज्ञान असलेली एक स्त्री तीन हातांतून जाता जाता पंधरा वर्षांची, भोळी, वाट पाहणारी आणि मरणारी झाली. पिंकर्टन घर घेतो ते नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने; दरमहा तो रद्द करण्याची मुभा मात्र त्याने राखलेली असते. लग्नाचीही तीच अट. पुचीनीला पिंकर्टनचा नीचपणा दिसत नव्हता, असे मी म्हणत नाही. तो त्याने उघड दाखविला आहे. परंतु त्या नीचपणाचे प्रायश्चित्त कोण घेते? प्रेक्षक डोळे पुसतो, स्वतःच्या कोमल हृदयाचे समाधान मानतो आणि घरी जातो.

आता एक तारीख पाहा. ला स्कालातील प्रयोगाच्या अवघे नऊ दिवस आधी, ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री, जपानी आरमाराने पोर्ट आर्थर येथे रशियन नौदलावर हल्ला केला होता. पुढल्या वर्षी मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचे आरमार बुडविले. वर्तमानपत्रात जपानी तोफा गर्जत होत्या आणि रंगभूमीवर जपान कागदी पडद्याआड एका गोऱ्या नाविकाची वाट पाहत बसला होता. वस्तुस्थिती कशीही बदलो, पडदा बदलावयाचा नाही, असा युरोपचा निश्चयच होता.

हे नाटक मुळात जपानचे नव्हतेच, याचा पुरावा आपल्या घराजवळ आहे. लोतीने त्याआधी, १८८० साली, ताहिती बेटावरील अशाच एका 'विवाहा'ची कथा लिहिली होती. तिची छाया घेऊन १८८३ साली पॅरिसमध्ये देलीबचे 'लाक्मे' हे संगीतनाट्य आले. त्यात स्थळ हिंदुस्थान, नायिका ब्राह्मणकन्या, नायक इंग्रज अधिकारी. शेवटी ती धोत्र्याचे पान खाऊन मरते आणि अधिकारी आपल्या पलटणीकडे परत जाण्यास मोकळा होतो. मूळ नाव आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. १९५२ पासून आपल्या बाजारात मिळणाऱ्या प्रसाधनांनी तेच नाव धारण केले, आणि आपल्या आयाबहिणींनी ते हौसेने घेतले. १९८९ साली लंडनच्या रंगभूमीवर 'मिस सायगॉन' आले: नायक अमेरिकन सैनिक, नायिका व्हिएतनामी, शेवट ठरलेला. ताहिती, हिंदुस्थान, जपान, व्हिएतनाम! पडदे चार, नाटक एक. ज्या नाटकातील देश इतक्या सहजतेने बदलता येतो, ते त्या देशाविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त बदलीवर आलेल्या आणि बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याविषयी सांगते.

यावर इंग्रजी रसिक 'मिकाडो'चा दाखला देतील. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ही संगीतिका १४ मार्च १८८५ रोजी लंडनच्या सॅव्हॉय रंगमंदिरात आली आणि तिचे सलग ६७२ प्रयोग झाले. तिच्यातील पूबा हे पात्र आपल्यापैकी प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या कचेरीत पाहिलेले आहे: राज्यातील बहुतेक सर्व पदांचा कार्यभार एकट्याकडे, आणि सर्व पदांचे वेतनही एकट्याकडे. हा उपहास इंग्लंडचा आहे, जपानचा नव्हे, असा बचाव चेस्टरटनपासून केला जात आहे. बचाव खरा आहे. पण आरोपीला तो सोडवीत नाही, अडकवितो. जपानशी काही संबंध नसताना जपानचा वेश कशासाठी? नॅन्की-पू, यम-यम अशी बोबडी नावे कशासाठी? कारण दूरच्या राष्ट्राचा वेश घालून केलेली थट्टा कोणालाच महागात पडत नाही. १९०७ साली जपानचे राजपुत्र फुशिमी लंडनला आले, तेव्हा सरकारने काही आठवडे या संगीतिकेवर बंदी घातली. बावीस वर्षे ज्यात काही गैर दिसले नव्हते, त्यात एकाएकी गैर दिसू लागले. मधल्या काळात जपानजवळ विजयी आरमार आले होते आणि १९०२ पासून इंग्लंडशी त्याची मैत्रीचा तह करण्याइतकी जवळीक झाली होती. सौजन्य हे समोरच्याच्या तोफांकडे पाहून सुचावे, ही संस्कृतीची फार उंच पातळी नव्हे. बंदीचा मी पुरस्कर्ता नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. बंदीने पडदा गुंडाळून ठेवता येतो. तो खोटा आहे हे कोणाला कळत नाही.

आता संगीताकडे वळू. पौर्वात्य वातावरण निर्माण करावयाचे म्हणजे पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर पाच स्वर वाजवावयाचे आणि अधूनमधून घंटा बडवावयाची, ही युक्ती युरोपात इतकी मुरली की ती ऐकताच श्रोता 'चीन' किंवा 'जपान' असे म्हणू लागला. कोणता ते विचारण्याची गरज उरली नाही. आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. भूप पाच स्वरांचा, दुर्गा पाच स्वरांचा आणि गुणक्रीही पाच स्वरांचा. या तिघांना 'एकच' म्हणणाऱ्याला आपण बैठकीत पुढे बसू देणार नाही. जपानी संगीतातही असेच भेद आहेत. 'साकुरा' ही कोतोवरील प्रसिद्ध धून ज्या स्वरमालिकेत आहे, तिच्यात कोमल ऋषभ आणि कोमल धैवत यांची करुण छटा आहे. स्वरांच्या हिशेबाने ती आपल्या गुणक्रीशी जुळते. लोकगीतांतील दुसरी एक मालिका दुर्गाच्या जवळ जाते. काळ्या पट्ट्यांच्या युक्तीत हा भेद कोठे राहतो?

पुचीनी याहून मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. रोममधील जपानी वकिलाच्या पत्नीकडून त्याने धुना मिळविल्या आणि खऱ्याखुऱ्या जपानी चाली नाटकात घातल्या. पण घातल्या कशा? 'मिया-सान' हे १८६८ च्या राज्यक्रांतीत एडोवर चालून जाणाऱ्या बादशाही सैन्याचे कूचगीत. गिल्बर्ट-सलिव्हननी ते विदूषकी बादशहाच्या आगमनाला वापरले आणि पुचीनीने नाकारल्या गेलेल्या श्रीमंत वराला चिकटविले. 'किमिगायो' हे जपानचे राष्ट्रगीत त्या तकलादू विवाहाच्या नोंदणीप्रसंगी वाजते. चाल खरी, तिचा अर्थ मात्र दाराबाहेर. मास्काग्नीच्या 'आयरिस' या १८९८ च्या संगीतनाट्यात तर नायकाचे नाव ओसाका आणि कुंटणखान्याच्या मालकाचे नाव क्योटो! उद्या कोणी मराठी जीवनावर नाटक लिहून नायकाला 'पुणे' आणि खलनायकाला 'नाशिक' म्हणू लागला, तर आपण हसू की रागावू?

हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. साकामोतो क्यू या तरुण गायकाचे, दुःख आवरून एकट्याने वाट चालणाऱ्या माणसाचे गीत १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ नाव उच्चारणे कठीण म्हणून त्याला 'सुकियाकी' हे नाव देण्यात आले. सुकियाकी म्हणजे मांसाचा एक रस्सेदार पदार्थ! एखाद्या विरहगीताचे 'पिठलं-भाकरी' असे नामकरण करण्यासारखेच हे झाले.

बाहुलीच्या पडद्याबरोबर दुसराही एक पडदा रंगविला गेला: क्रूर, यंत्रवत जपानी सैनिकाचा. रूथ बेनेडिक्टने महायुद्धकाळी जपानला न जाता अमेरिकन सरकारसाठी जपानी स्वभावाचा अभ्यास केला आणि १९४६ साली तो ग्रंथरूपाने आला. त्याच्या नावातच शेवंती आणि तलवार शेजारी शेजारी आहेत. जपानी लष्कराने केलेल्या अत्याचारांवर मला पांघरूण घालावयाचे नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर हजारो युद्धकैदी आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातील तमिळ मजूरही होते. परंतु पिएर बूलची १९५२ ची 'क्वाय नदीवरील पूल' ही कादंबरी काय सांगते? जपान्यांना पूल बांधता येत नाही, तो इंग्रज कैद्यांनी बांधून दाखविला! वस्तुतः त्या रेल्वेची आखणी जपानी अभियंत्यांनीच केली होती. म्हणजे क्रौर्य हे सत्य पुरेसे नव्हते. त्याला अकुशलतेचे असत्य जोडल्यावाचून लेखकाचे समाधान झाले नाही. आणि ते मेलेले आशियाई मजूर? ते कथेच्या केंद्राजवळही येत नाहीत.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की कला म्हणजे भूगोल नव्हे. नसेना का, मग जपानी पोशाख, जपानी चाली, जपानी घरे यांची इतकी आस्था कशाला? साक्षीदार म्हणून जपानला बोलवावयाचे आणि उलटतपासणीची वेळ आली की 'हे तर केवळ स्वप्न' असे म्हणावयाचे, हे चालणार नाही. ऑस्कर वाइल्ड अधिक प्रामाणिक होता. रसिकांचा जपान ही शुद्ध निर्मिती आहे, असे त्याने १८८९ सालीच हसत हसत सांगून टाकले होते.

दुसरा आक्षेप असा की स्वतः जपान्यांना हे आवडते. मिउरा तामाकी या जपानी गायिकेने १९१५ साली लंडनला बटरफ्लायची भूमिका केली आणि पुढे ती देशोदेशी गायिली. नागासाकीत तिचा पुतळाही आहे. यातून सिद्ध होते ते तिचे सामर्थ्य. परक्याने शिवलेल्या अंगरख्यातही माणूस डौलाने उभा राहू शकतो. त्यामुळे शिंप्याने माप घेतले होते असे ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे: परक्याने परक्याविषयी लिहूच नये काय? अवश्य लिहावे, आणि लिहिणाऱ्यांनी चांगले लिहिलेही आहे. फेलिक्स रेगामे या फ्रेंच चित्रकाराने १८९४ साली लोतीला उत्तर म्हणून शेवंताबाईचीच रोजनिशी लिहिली. तिला प्रथमच बोलू दिले. लाफ्काडिओ हर्न १८९० साली जपानला गेला, कोइझुमी कुटुंबात विवाह करून तेथेच राहिला, तेथलाच नागरिक झाला आणि तेथेच १९०४ मध्ये वारला. पत्नी सेत्सुने सांगितलेल्या कथा त्याने लिहून काढल्या. जुन्या जपानवरील त्याचे प्रेम आंधळे होते, असे म्हणता येईल. पण प्रेम करणारा तेथे राहिला, पळाला नाही. बेंजामिन ब्रिटनने १९५६ साली जपानमध्ये 'सुमिदागावा' हे नो नाट्य पाहिले आणि आठ वर्षे ते मनात मुरू दिले. १९६४ साली 'कर्ल्यू रिव्हर' आले, तेव्हा त्यात ना किमोनो होता ना कंदील. हरवलेल्या मुलाला शोधणारी वेडी आई इंग्लंडमधील एका नदीकाठी आली, चर्चमध्ये उभी राहिली. ब्रिटनने नोचा संयम आणि त्याची गती घेतली, पडदा तेवढा तिथेच ठेवला. घेणे याला म्हणतात. आणि १९६७ साली ताकेमित्सूने न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदापुढे बिवा आणि शाकुहाची ही दोन जपानी वाद्ये बसविली, तेव्हा त्याने दोन संगीतांचा गोड काला केला नाही. दोघांतील अंतर तसेच ऐकू दिले.

माझी कसोटी साधी आहे, आणि ती सरकारी कामकाजातून घेतलेली असल्याने या वाचकवर्गाला नवी वाटू नये. कोणत्याही माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. स्तुतिपत्रालाही हाच नियम लावावा. कारण खोटी स्तुती हा सुद्धा एकतर्फी निकालच असतो. आर्थर गोल्डनच्या 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' या १९९७ च्या कादंबरीत गेशा स्वतः बोलते आहे असा देखावा केला आहे. अनुवादकाची प्रस्तावनासुद्धा काल्पनिक. ज्यांच्या मुलाखतींवर ती उभी होती त्या इवासाकी मिनेको यांनी २००१ साली लेखकावर दावा लावला. आपले नाव गुप्त ठेवण्याचे वचन मोडले आणि गेशांच्या जीवनाचा विपर्यास केला, ही त्यांची तक्रार होती. २००३ मध्ये तडजोड झाली. दरम्यान, २००२ साली, त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले होते. शेवंताबाईला स्वतःच्या नावाने उत्तर देण्यास एकशेपंधरा वर्षे लागली.

'आम्हांला याचे काय?' असे कोणी विचारील. आपण पुरवठा खात्यात, रेल्वेत, लेखा विभागात वा जिल्ह्याच्या कचेरीत, मराठी मुलखापासून शेकडो मैलांवर, तीन-तीन वर्षांच्या मुदतीने राहणारी माणसे. 'इकडचे लोक आळशी', 'इकडच्या बायका भित्र्या', 'इकडे गाणे म्हणजे नुसता आरडाओरडा' ही वाक्ये आपल्या स्नेहसंमेलनांत, दिवाळी अंकांतील प्रवासवर्णनांत आणि घरी धाडलेल्या पत्रांत किती सहजपणे येतात! दुभाष्यावाचून एक वाक्य बोलता येत नाही, शेजाऱ्याच्या घरी एकदा जेवलेलो नाही, आणि तरी राज्याच्या स्वभावावर शेरा मारून आपण मोकळे. लोतीने नागासाकीत याहून वेगळे काय केले? त्याला निदान लिहिण्याची कला होती.

पाश्चात्यांवर टीका करण्याचा अधिकार आपणांस अवश्य आहे. लाक्मेला धोत्र्याचे पान ज्यांनी खावविले, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु तो अधिकार वापरणाऱ्याने आपल्या मुक्कामाच्या गावची भाषा शिकलेली असावी, निदान तेथल्या एका माणसाने आपले लिहिणे वाचून 'हे आमच्याविषयी आहे' असे म्हणावे. तसे म्हणणारा एकही माणूस मिळत नसेल, तर बदलीचा हुकूम येण्याची वाट न पाहता लेखणी खाली ठेवावी.